नाय म्हंजी कुत्रं

बानामावशीनं काखेतला झाडू काढलाच नाय. तशीच टेबलाजवळ हुबी ऱ्हायली आन फोन हातात घेतला. घेतला तो बी उलटा. बोलायचं ते कानाला, ऐकायचं ते तोंडाला. मधुसूदन सायबांनी तो सरळ करून दिला आन चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणले, "फोन कुठल्या बाजूनं बोलायचा ते माहीत नाही, आणि ह्या म्हणे तमिळ बोलणार."

मी म्हणलं, "सायेब, तुमच्या आजीनं बी पयल्या बारीला असाच धरला असंल."

मावशी माझ्यावरच खेकसली. "ए भवाने, गप. मला ऐकू येईना."

फोन अजून लावलाच नव्हता.

चौऱ्याण्णव सालची संक्रांत व्हती. जागा म्हंजी वाळूजमधल्या आमच्या कंपनीचं खरेदी खातं. कंपनी लहान, गाड्यांचे सुटे भाग करणारी. मी पॅकिंगला, मावशी झाडायला. आन सौदा असा व्हता. ठेकेदारानं सांगून ठिवलं व्हतं, चाळिशीच्या वरच्या झाडूवाल्या बाया एक फेब्रुवारीपासून बंद. मावशी पंचेचाळीसची का सेहेचाळीसची, ते तिलाच ठावं नाय. पण ह्या फोनवर ती तमिळ बोलली, आन पलीकडच्या माणसाला ती तिकडचीच वाटली, तर मधुसूदन सायेब तिला खरेदी खात्यात कायम घेणार. संशय आला की संपलं. पंधरा दिवसांनी घरी.

सायेब त्या खात्याचे मुख्य. औरंगपुऱ्यातले, बामण, लई शिकलेले. आमचं त्यांच्याशी पटत नाय, पण माणूस शब्दाचा पक्का. ते मी बी मानते.

मावशी कोण, ते आधी सांगते.

ती धनगराची. वैजापूरकडची. नवरा मुंजाबा. दरसाली मेंढरं घेऊन वाळूजच्या माळावर यायचे, शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात दाणे घ्यायचे आन परत जायचे. मंग एक साल आले तर माळावर तारेचं कुंपण. दुसऱ्या साली भिंत. तिसऱ्या साली गेट आन गेटावर शिट्टीवाला. मुंजाबानं मेंढरं इकली आन त्याच गेटावर, म्हंजी आमच्याच कंपनीच्या, वॉचमन झाला. म्हणायचा, "जागा तीच हाय. पयलं मेंढरं राखायचो, आता भंगार राखतो." बजाजनगरात पत्र्याची खोली घेतली.

शेजारची खोली आमची. ती बी कशी मिळाली ते ऐका. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत गावाकडं आमचं घर जाळलं, तवा मी तीन वर्षांची. पुढं बाबा मजुरीला गावोगाव फिरला आन एकोणनव्वदला बजाजनगरात आला. खोली रिकामी असायची, मालक आडनाव इचारायचा, आन खोली 'आत्ताच दिली' व्हायची. सात ठिकाणी असं झालं. आठव्या ठिकाणी बानामावशी दारात भांडी घासत व्हती. ती राखेच्या हातानंच उठली आन मालकाला म्हणली, "शेजारची खोली रिकामी हाय ती ह्यांना दे. नायतर माझी बी रिकामी करते, मंग दोन्हीत तूच ऱ्हा." त्या दिवसापासून मावशीबद्दल कुणी वाकडं बोललं तर त्याची गाठ माझ्याशी. शाळा मी आठवीत सोडली. कुणी सोडवली नाय. मला एका जागी बसवत नाय.

आता तमिळचं.

आमी यायच्या वर्षभर आधी मावशी दोन गल्ल्या पलीकडं एका मद्रासी इंजिनियरकडं कामाला लागली. रामनाथन सायेब. घरात ते आन त्यांची म्हातारी आई. बायको नोकरीला दुसऱ्या गावी. सायेब सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. म्हातारीला तमिळ सोडून एक शबुद येत नव्हता, आन मावशीला मराठी सोडून.

पयल्या दिवशी म्हातारीनं हात तोंडाशी नेऊन काय तरी इचारलं. मावशीला कळलं, जेवलीस का म्हणती. मावशी म्हणली, "नाय."

म्हातारीचे डोळे मोठे झाले. तिनं परत इचारलं.

मावशीला वाटलं, कानानं कमी ऐकती. म्हणून मोठ्यानं, "नाय, नाय!"

म्हातारीनं काठी उचलली.

सांजच्याला रामनाथन सायेब आले, आईचं गाऱ्हाणं ऐकलं आन पोट धरून हसायले. मंग तुटक्या हिंदीत सांगितलं. आमच्याकडं नाय म्हंजी कुत्रं. आई म्हणती, मी मायेनं जेवलीस का इचारलं तर ही बाई मला तीनदा कुत्रं म्हणली.

मावशी म्हणली, "अवो, मंग नायला काय म्हणू?"

"इल्लै."

असा पयला शबुद शिकली. नाय म्हणायला.

दुसऱ्या आठवड्यात दूधवाला दारात आला आन म्हातारी आतून वरडली, "पाल! पाल!" मावशी झाडू घेऊन स्टुलावर चढली. ट्यूबलाइटच्या मागं बघितलं, फोटोच्या मागं बघितलं. म्हातारी बाहेर आली आन ती बी वर बघायली. दूधवाला आपलाच, वैजापूरचा. "मावशे, पाल कुठंय?" मावशी म्हणली, "मला काय इचारतो, म्हातारीला इचार, तिनं बघितली." तिघं छताकडं बघत हुबे. पाल म्हंजी तिकडं दूध, हे कळायला रामनाथन सायबाची सुट्टी यावी लागली.

ह्यावर आमी लई हसायचो. पण बघा, मावशी हसून सोडून देणारी नव्हती. म्हातारीला ती 'पाट्टी' म्हणायची, म्हंजी आजी. पाट्टी सैपाकघराच्या आत पाटावर बसायची, मावशी उंबऱ्याच्या बाहेर तांदूळ निवडायची. उंबऱ्याच्या आत मावशीला पाऊल टाकायला मनाई. का, ते कुणी सांगितलं नाय. मला सांगायची गरज बी नव्हती. आतून पाट्टी वस्तू उचलून दाखवायची आन नाव घ्यायची, बाहेरून मावशी म्हणायची. चुकलं की पाट्टी पळी जमिनीवर आपटायची. बरोबर आलं की काय बी नाय, पुढची वस्तू. वही नाय, पुस्तक नाय, मराठीत अर्थ सांगणारं कुणी नाय. पाट्टीला मराठी येत नव्हतं हेच मावशीचं नशीब. येत असतं तर दोघी मराठीतच भागवून मोकळ्या झाल्या असत्या.

एक आवाज मातर तिला सा-सात महिने आला नाय. ना ळ, ना र, त्या दोन्हीच्या मधला. जीभ उलटी वर न्यायची पण टाळूला टेकवायची नाय. केळ्याच्या नावात तो दोनदा येतो. पाट्टी पळी आपटून आपटून दमली. मंग एक दिवस मावशीला आठवलं, कोकरू आईला चुकलं की मेंढी जवळ बोलवायला आपण जीभ उलटी करून जो आवाज काढतो, तो काय वेगळा हाय? तिनं तो आवाज काढला आन त्याला मागंपुढं केळं जोडलं. पाट्टीच्या हातातली पळी वरच ऱ्हायली. त्या दिवशी पाट्टीनं उंबऱ्याच्या आतून तिला अख्खं केळं फेकून दिलं. मावशी म्हणायची, "म्या झेललं बी. बक्षीस हाय म्हणलं, खाली पडू नाय द्यायचं."

तिसऱ्या साली पाट्टी न्हाणीत पडली. खुबा मोडला. मंग कुठला उंबरा आन कुठलं काय. पाट्टी खाटेवर आन मावशी चुलीपाशी. पाट्टी खाटेवरून वरडायची, मोहरी जळली, हिंग कमी, ताक आंबट. मावशी आतून उलट वरडायची, तुमचं नाक म्हातारं झालंय. सगळं तमिळमधी. एक दिवस घरी येऊन मुंजाबावर बी तमिळमधीच बरसली, आन तिला सोताला कळलं नाय. मुंजाबा गरीब माणूस. सगळं ऐकून घेतलं आन म्हणला, "व्हय." मी भिंतीच्या पलीकडून इतकी हसले की बाबा उठून बसला.

ब्याण्णवला पाट्टी गेली. शेवटचे चार दिवस ती लेकाला वळखत नव्हती, मावशीला वळखायची. रामनाथन सायबाची होसूरला बदली झाली. जाताना त्यांनी मावशीला आमच्या कंपनीत चिकटवलं. झाडायला का व्हईना, काम.

आता तमिळ बोलायला कुणी उरलं नाय. मंग मावशी झाडताना सोताशीच बोलायची. मशीनखालचे तुकडे गोळा करताना तमिळमधी मोजायची. ते मधुसूदन सायबांनी ऐकलं. त्यांना भाषांचा नाद. कोइमतूरहून कास्टिंग, म्हंजी ओतीव भाग, मागवायला लागल्यापासून त्यांनी बी तमिळचं पुस्तक आणलं व्हतं. सा महिने पाठ केलं आन कोइमतूरला फोनवर बोलले, तर पलीकडचा म्हणला, सर, प्लीज इंग्लिश.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते मावशीला समजवायले. "बानाबाई, वाईट वाटून घेऊ नका. बारा वर्षांच्या आत शिकलं तेवढंच आपलं. त्यानंतरची भाषा म्हणजे भाड्याची सायकल. चालवता येते, पण बघणाऱ्याला कळतं, भाड्याची आहे. हे शास्त्र आहे."

मावशी भाकर मोडत म्हणली, "असंल सायेब. पण मेंढराचं येगळं बघा. जुनी मेंढी इकत आणून नव्या कळपात सोडली तर चार दिस लांब लांब चरती. पाचव्या दिशी तिला कळपाचा वास लागतो. मंग आमाला बी वळखू येत नाय, आणलेली कंची आन घरची कंची."

"माणूस मेंढरू नाही, बानाबाई."

"व्हय, माणसाला जरा जास्त दिस लागत असतील."

सायेब हसले. त्यांना ती गंमत वाटली. मला आग लागली.

आन मंग चौऱ्याण्णवची संक्रांत आली. त्याच दिवशी विद्यापीठाला बाबासायबांचं नाव लागलं. सोळा वर्षं लोक ज्याच्यासाठी मार खात व्हते, ते. आमच्या गल्लीत सकाळपासून निळे झेंडे, बाबा रडतोय आन लोक त्याच्या तोंडात साखर कोंबतायत. शहरात लई बंदोबस्त. सगळे म्हणत व्हते, विद्यापीठाच्या गेटापर्यंत जाऊ, नुसतं बघून तरी येऊ. मला लई जायचं व्हतं. पण दहा वाजता मावशीचा फोन व्हता. मी बाबाला म्हणलं, "तुमी व्हा पुढं. गेट काय पळून जात नाय."

फोन त्याच दिवशी का, तर कास्टिंगची गाडी अडली व्हती. औरंगाबादेत नामांतरावरून गडबड व्हणार असं कोइमतूरच्या डायवरनं कुठं तरी ऐकलं, आन तो निघायला तयार नव्हता. चार दिवस सायेब इंग्रजीत फोन करत व्हते. तिकडून उत्तर, येस सर, टुमारो सर. चार दिवसांत गोडाऊन रिकामं झालं. आता लाइन बंद पडायला तीन-चार दिवस उरले व्हते, आन तिकडं बी सण, कारखाना बंद. सायबांकडं निस्ता मालकाच्या घरचा नंबर. म्हणून त्यांनी झाडू मारणाऱ्या बाईला बोलवलं, आन आपल्या शास्त्राची परीक्षा म्हणून वर तो सौदा बी घातला. बुडत्याला काडी बी चालती.

सायबांनी नंबर फिरवला. तिकडं घंटी वाजली. मावशीच्या कपाळावर घाम. ह्या बाईनं लांडग्यावर काठी टाकलीय, पण फोन पयला व्हता.

पलीकडं कुणी तरी बाईमाणूस बोललं. मावशीनं हॅलो म्हणलं नाय, नाव सांगितलं नाय, कंपनी सांगितली नाय. एकच वाक्य बोलली.

"पाल पोंगिडुत्ता?"

पलीकडून बाईचा जो आवाज सुटला, तो टेबलाच्या ह्या बाजूला मला ऐकू आला. मंग मावशी बी सुटली. ती हसायली, च्‌ च्‌ करायली, मधीच कुणाला तरी रागवायली, फोनला बोट दाखवून. मी तिला इतकी खुश पाट्टी गेल्यापासून बघितली नव्हती. पाच मिनटं झाली, धा झाली. सायबांनी कागदावर मोठ्या अक्षरात 'गाडी!!' लिहून तिच्या पुढं धरलं. मावशीला वाचता येत नाय. तिनं झाडूनं त्यांचा हात बाजूला सारला.

मी खाली बघितलं, नायतर हसूच फुटलं असतं.

पंधरा-वीस मिनटांनी तिनं फोन ठिवला. ठिवला तो बी उलटा.

"गाडी उद्याच्याला निघतीय," ती म्हणली.

सायेब म्हणले, "उद्या? त्या काय म्हणाल्या?"

"म्हणली, डायवर भेतो. म्या म्हणलं, म्या बाईमाणूस हितंच बसलीय की. एका मोठ्या शाळेला नाव दिलंय, लोकं तोंड गोड करायलेत, त्यात भ्यायचं काय? ती म्हणली, तुमी म्हणता तर पाठवते. तिनं नवऱ्याला तिथल्या तिथं सांगितलं."

"आणि ते पहिलं वाक्य कसलं?"

"सण हाय न्हवं त्यांचा. सकाळी दूध चुलीवर ठिवायचं आन उतू जाऊ द्यायचं. मंग जो भेटंल त्याला आधी इचारायचं, दूध उतू गेलं का? दुसरं बोलणं मागून. पाट्टी खाटेवर पडल्यापडल्या मला दरसाली इचारायची." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "सणाच्या दिवशी कुणाच्या घरी डायरेक गाडीचं इचारतेत का, सायेब?"

सायबांना चार दिवसांचे येस सर आठवले असतील. पण माणूस चिवट. "तुम्ही कुठल्या, ते विचारलं का तिनं?"

"इचारलं. म्या म्हणलं वाळूज. ती म्हणली, ते झालं आताचं, माहेर कुठलं? म्या म्हणलं, वळखा."

"मग?"

"कुंभकोणम म्हणली. पाट्टीचं गाव. म्या गप ऱ्हायले."

"हे तुम्ही सांगताय. तिला खरंच काय वाटलं ते मला कसं कळणार?"

मी तोंड उघडणार, तर मावशीनं माझा दंड धरला. "बरोबर हाय सायबाचं," ती म्हणली आन झाडायला गेली.

ते दोन दिवस मी सायबाशी बोलले नाय. चहा नेऊन द्यायची पाळी माझी आली तर कप आपटून ठिवला.

सोमवारी सकाळी फोन आला. खुद्द कोइमतूरचा मालक, इंग्रजीत. मी पॅकिंगच्या पावत्या द्यायला तिथंच हुबी व्हते. सायेब निस्ते "हो? हो?" करायले आन त्यांचा चेहरा असा झाला, जसा काय मास्तरला पोरानं गणित चुकलेलं दाखवलं. फोन ठिवला. उठले. कोपऱ्यात मावशी बाकाखालून कचरा ओढत व्हती, तिच्यापाशी चालत गेले. सायेब झाडूवालीपाशी चालत गेलेले मी पयल्यांदा बघितले.

"ते विचारतायत," सायेब म्हणले, "तुमच्याकडे कुंभकोणमच्या बाई आहेत, तर इतके दिवस इंग्रजीत का झगडलात? त्यांची बायको सांगते, असं बोलणं तिनं लहानपणानंतर ऐकलं नव्हतं."

मावशी वाकलेलीच.

"बानाबाई, तो झाडू ठेवा."

"कुठं ठिवू?"

"कुठंही ठेवा हो! तुमचं टेबल उद्या लावतो."

मी जी वरडले, ती प्रेसच्या आवाजात बी गेटापर्यंत गेली. मुंजाबा काठी घेऊन पळत आला, त्याला वाटलं आत चोर घुसला. मंगळवारी गाडी आली तवा लाइनवरचे सगळे मावशीच्या नावानं टाळ्या पिटत व्हते. आन त्या रविवारी बाबा आन मी मावशीला घिऊन विद्यापीठाच्या गेटावर गेलो. तिनं नव्या नावाची पाटी बघितली, वाचून दाखव म्हणली. मी मोठ्यानं वाचली. दोनदा.

आज तिला कायम व्हऊन दोन वरसं झाली. सायेब आता म्हणतात, अपवाद असतात. मी म्हणते, नियमच खोटा. चाळिशीला टेकल्यावर शिकलेली, अंगठा उठवणारी बाई रोज टेबलावर बसून कोइमतूर, होसूर हलवती, आन एकालाबी आजवर संशय आला नाय. तिकडचे डायवर गाडी घेऊन येतात तवा खरेदी खात्यातल्या तिच्या खोलीबाहेर बिडी इझवतात, चपला काढतात. कोइमतूरच्या फौंड्रीतले झाडून सगळे तिला 'मामी' म्हणतात. मावशीला त्याचं लई कौतुक. "कोइमतूरला बी भाचे निघाले मला," म्हणती.

मागच्या महिन्यात एक डायवर गेटावर मला हिंदीत म्हणला, आज डब्यात मटन हाय, मामीच्या खोलीपासून लांब बसून खातो. मी म्हणलं, लांब कशाला, तिला बी दे, नळी फोडून खाती ती. तो म्हणला, झूट मत बोलो. मी आईची शपथ घेतली. मंग त्यानं सांगितलं, तवा मला कळलं. त्यांच्याकडं फोनवरच्या बाईला कुणी उगं मामी म्हणत नाय. बोलणं ऐकूनच कळतं, कुणाला म्हणायचं. बामणाच्या बाईला म्हणतात.